तेलंगणाचा लढा, मराठवाड्याच्या बाजूने

१९७२ ते १९७४ या काळात मानवतचे नाव महाराष्ट्रभर गाजले ते तिथल्या हत्याकांडामुळे. त्यातच दुष्काळ पडलेला. दुष्काळी कामांवर खडी फुटत होती, आणि परभणी जिल्ह्याबाहेर मानवत म्हणजे खुनांचे गाव असा शिक्का बसत चालला होता. नेमक्या त्याच दिवसांत कलकत्ता आणि दिल्ली इथून तीन इंग्रजी पुस्तके बाहेर पडली. पी. सुंदरय्या यांचे तेलंगणाच्या लढ्यावरचे जाडजूड पुस्तक १९७२ च्या डिसेंबरात आले. १९७३ साली रावी नारायण रेड्डी यांच्या आठवणी छापल्या गेल्या आणि त्याच वर्षी राज बहादूर गौर व सहकाऱ्यांचे पुस्तकही निघाले. तिन्ही पुस्तके कम्युनिस्टांनी लिहिलेली आणि तिन्हींचा विषय एकच, निजामाच्या राज्यात १९४६ ते १९५१ या काळात झालेला शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव. लेखक एकेकाळी एकाच पक्षात होते, एकाच लढ्यात होते. तरीही लढा कधी थांबवायला हवा होता, भारत सरकारचे सैन्य कशासाठी आले आणि चूक कोणाची झाली, या प्रश्नांवर त्यांची उत्तरे जुळत नाहीत.

या पुस्तकांशी मानवतचा काय संबंध, असे कुणी विचारले तर उत्तर सरळ आहे. १९५६ पर्यंत मानवत आणि नळगोंडा एकाच राज्यात होते. मनमाडहून हैदराबादला जाणारी निजामाची मीटरगेज रेल्वे मानवत रोडवरून जायची. इथल्या मोंढ्यात कापूस घालणारा शेतकरी आणि जनगावकडचा भात पिकवणारा शेतकरी एकाच सरकारला सारा भरत होते आणि दुसऱ्या महायुद्धात एकाच लेव्हीखाली धान्य देत होते. आमच्याकडची जुनी माणसे अजूनही एखाद्याचे वय सांगताना रझाकारी (निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र टोळ्यांचा काळ) किंवा पोलीस ॲक्शन (१९४८ ची भारतीय सैन्याची कारवाई) यांचा हिशोब करतात. मात्र मराठवाड्यात सांगितल्या जाणाऱ्या मुक्तिसंग्रामाच्या कथेत तेलंगणाचा शेतकरी क्वचितच भेटतो आणि कम्युनिस्टांनी लिहिलेल्या कथेत मराठवाडा जेमतेम डोकावतो. या दोन्ही कथा एकत्र वाचल्याशिवाय १७ सप्टेंबर १९४८ चा अर्थ नीट लागत नाही, असे मला वाटते.

सुरुवात तर एकत्रच झाली होती. १९३७ साली संस्थानातल्या मराठी भागाच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात असले तरी त्या काळी ते परभणी जिल्ह्यात होते. अधिवेशनाचे अध्यक्ष होते गोविंदराव नानल. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ ला बंदी मोडून सत्याग्रह करणाऱ्या पहिल्या तुकडीचे नेतृत्व नानलांनीच केले. त्या तुकडीत नळगोंड्याचा एक तरुणही होता, रावी नारायण रेड्डी. परतूरचे अध्यक्ष आणि तेलंगणाच्या उठावाचा पुढला नायक एकाच तुकडीतून तुरुंगात गेले.

त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यातले बरेच नागपूरला शिकायला गेले. या पिढीतली कितीतरी मुले डावीकडे वळली. औरंगाबादेत शिक्षक असलेले गोविंदभाई श्रॉफ कलकत्त्याला शिकताना मार्क्सवादाकडे ओढले गेले होते. स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्यापूर्वी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम करून आले होते. मराठवाड्यातल्या काँग्रेसचे हे दोन सर्वांत मोठे चेहरे, आणि दोघांनाही वर्ग, जमीन, सावकारी हे शब्द परके नव्हते. इथे कम्युनिस्ट पक्ष वेगळा आणि मोठा का वाढला नाही, याचे एक कारण मला यातच दिसते. जो तरुण डाव्या विचारांचा होता त्याला स्टेट काँग्रेसमध्येच घर मिळत होते.

तेलंगणात उलटे घडले. तिथे आंध्र महासभा होती. १९४४ च्या भोनगीर अधिवेशनात ती फुटली, मवाळ बाहेर पडले आणि संघटना कम्युनिस्टांच्या हातात आली. गावोगाव संघम, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटना, उभे राहिले. ते इतक्या झपाट्याने वाढले त्याला कारण जमिनीची रचना. विसनूरच्या देशमुखाकडे चाळीस हजार एकर जमीन होती आणि त्याहून मोठे जमीनदारही होते. वेट्टी म्हणजे वेठबिगार हा तिथल्या जगण्याचा रोजचा भाग होता. धोबी, न्हावी, कुंभार, चांभार सगळ्यांनी देशमुखाच्या गढीवर फुकट राबायचे. ४ जुलै १९४६ ला कडवेंडी गावात देशमुखाच्या माणसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या आणि दोड्डी कोमरय्या हा तरुण ठार झाला. उठावाची सुरुवात तिथून मोजतात. पालकुर्तीची ऐलम्मा ही परीट समाजातली बाई आपल्या वाट्याच्या चार एकरांवर हटून उभी राहिली आणि संघमची माणसे तिचे पीक घरी घेऊन आली. आजही तेलंगणात या दोघांचे पुतळे आहेत.

मराठवाड्यात वेठबिगार नव्हती असे नाही. जहागिरी होत्या, देशमुख-देशपांड्यांची वतने होती, सालगडी होते, सावकाराच्या वहीत पिढ्या अडकलेल्या होत्या. पण काळ्या मातीच्या कोरडवाहू रानात ज्वारी आणि कापूस घेणारा खातेदार हा इथल्या गावाचा कणा होता. तो गरीब असला तरी हजारो एकरांच्या गढीचा गुलाम नव्हता. त्याचा शत्रू विखुरलेला होता. थोडा सावकार, थोडा आडत्या, थोडा पोलीस पाटील, आणि वर निजाम. अशा माणसाला जमीन वाटून देऊ या घोषणेपेक्षा निजामाचे राज्य गेले पाहिजे ही घोषणा जास्त पटली.

भूगोलानेही फरक पाडला. परभणी जिल्ह्याच्या शेजारीच वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारताचा मुलूख. १९४७ च्या ऑगस्टनंतर स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर छावण्या काढल्या. उमरखेड, वाशीम, लोणार ही नावे आमच्या भागात घरोघर माहीत झाली. रझाकारांचा जाच वाढला की माणसे बायकामुले घेऊन सरहद्द ओलांडत आणि तरुण छावणीत जात. तिथून रात्री परत येऊन करोडगिरी नाके आणि पोलीस ठाणी यांवर हल्ले होत. ३० जानेवारी १९४८ ला उमरीच्या बँकेवर धाड पडली ती याच चळवळीचा भाग म्हणून. तेलंगणाच्या कम्युनिस्टांनाही मागे बेजवाड्याचा आधार होता, तरी त्यांची मुख्य लढाई गावात राहूनच झाली. रात्री दलम, म्हणजे सशस्त्र तुकडी, यायचे, गढीतली कागदपत्रे जाळायचे आणि दुसऱ्या दिवशी जमिनीचे तुकडे पाडून वाटायचे. सुंदरय्यांच्या हिशोबाने तीन हजार गावांत असे ग्रामराज्य उभे राहिले, दहा लाख एकर जमीन वाटली गेली आणि चार हजार माणसे मारली गेली.

म्हणून दोन्हीकडच्या आठवणीही वेगळ्या उरल्या. एकीकडे छावणी, सरहद्द आणि तिरंगा. दुसरीकडे दलम, जमीन आणि लाल बावटा.

आता वादाच्या पहिल्या गाठीकडे येतो, कारण ती मराठवाड्यात अजून सुटलेली नाही. १९४८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कलकत्त्याला कम्युनिस्ट पक्षाची दुसरी काँग्रेस भरली. पी. सी. जोशींच्या जागी मुंबईचे भा. त्र्यं. रणदिवे सरचिटणीस झाले. मिळालेले स्वातंत्र्य खोटे आहे, नेहरूंचे सरकार भांडवलदारांचे आहे आणि ते उलथून टाकायचे आहे, अशी ती भूमिका होती. त्यानंतर मे महिन्यात निजाम सरकारने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली. ज्या वेळी रझाकारांचा पुढारी, लातूरचा वकील कासिम रझवी दिल्लीवर झेंडा लावण्याच्या गोष्टी करत होता, त्याच वेळी हे घडले, आणि हैदराबाद शहरातल्या काही कम्युनिस्टांनी आझाद हैदराबादच्या बाजूने सूर लावला. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या मनात ही गोष्ट कायमची रुतली. कम्युनिस्ट रझाकारांना मिळाले, हा आरोप मराठवाड्यात पुढे अनेक दशके ऐकू येत राहिला.

सुंदरय्यांनी आपल्या पुस्तकात या आरोपाला टाळले नाही. शहरातल्या त्या भूमिकेला त्यांनी चूक म्हटले आणि खेड्यातली दलमे रझाकारांशी शेवटपर्यंत लढत होती हे तपशीलवार दाखवले. पुरावा त्यांच्या बाजूने आहे. नळगोंडा आणि वरंगळमध्ये रझाकारांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या कम्युनिस्टांची यादी लांबलचक आहे. तरीसुद्धा त्या दिवसांत शहरातून आलेला तो सूर अक्षम्य होता असे मी म्हणेन. रझाकार गावे जाळत असताना राजकीय डावपेचासाठीही निजामाच्या स्वतंत्र राज्याची भलामण करायला नको होती. मराठवाड्यातल्या माणसाने तो राग धरला यात नवल नाही. चूक झाली ती पुढे. त्या एका रागापोटी आम्ही तेलंगणाच्या शेतकऱ्याचा सबंध लढाच आमच्या इतिहासातून वगळला.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरले. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद ही ठाणी एकामागून एक पडली. १७ तारखेला एका तुकडीने तेव्हा परभणी जिल्ह्यातच असलेले हिंगोली ताब्यात घेतले आणि त्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. इथून पुढे कम्युनिस्टांचे इतिहास फुटतात.

रावी नारायण रेड्डींचे म्हणणे असे होते की, निजाम गेला तेव्हाच बंदूक खाली ठेवायला हवी होती. शेतकरी रझाकारांविरुद्ध लढला होता आणि गावात आलेल्या भारतीय सैन्याचे त्याने स्वागत केले होते. त्याच शेतकऱ्याला आता नेहरूंच्या सैन्यावर गोळी झाड म्हणणे हा आत्मघात होता. सुंदरय्या म्हणतात, सैन्य केवळ निजामाला हटवायला आले नव्हते. त्याच्या मागोमाग देशमुख आपापल्या गढ्यांत परतले आणि वाटलेली जमीन परत मागू लागले. निजाम स्वतः राजप्रमुख होऊन १९५६ पर्यंत गादीवरच राहिला आणि त्याला वर्षाला पन्नास लाखांचा तनखा मिळाला. मग शेतकऱ्याने मिळालेली जमीन का सोडावी? तिसरा आवाज या पुस्तकांबाहेरचा, देवुलपल्ली वेंकटेश्वर (डी. व्ही.) राव यांचा. हेही उठावाचे नेतेच, पुढे मार्क्सवादी-लेनिनवादी गटात गेलेले. त्यांच्या मते १९५१ साली लढा मागे घेणे हाच विश्वासघात होता.

१९६४ साली पक्ष फुटला तेव्हा रेड्डी आणि गौर जुन्या पक्षात राहिले. सुंदरय्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. १९६७ ला नक्षलबारी घडले आणि डी. व्ही. राव तिकडे वळले. प्रत्येकाच्या नव्या वाटेला जुन्या लढ्याचा दाखला हवा होता. संसदेच्या मार्गाने जाणाऱ्याला १९४८ लाच थांबायला हवे होते असे वाटणार, आणि बंदूक हाती घेतलेल्याला १९५१ चे थांबणे खटकणार. पण एवढ्यावरून या तिघांचे म्हणणे पक्षाची वकिली म्हणून बाजूला टाकणे अन्यायाचे होईल. तिघांनीही साथी गमावले होते, तिघांनीही भूमिगत राहून वर्षे काढली होती. आपण मरायला पाठवलेल्या माणसांचा हिशोब ते देत होते, आणि तो देताना त्यांनी स्वतःच्या चुका छापल्या. एवढी उघड आत्मपरीक्षा मराठवाड्याच्या काँग्रेसी आठवणींत मला फार कमी ठिकाणी दिसली.

या वादात मराठी माणसे थेट केंद्रस्थानी होती, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. १९४८ च्या मध्यास आंध्रच्या नेत्यांनी पक्षापुढे मांडणी केली की, भारताची परिस्थिती चीनसारखी आहे, माओच्या नव्या लोकशाहीचा मार्ग आपल्याला लागू पडतो, शेतकऱ्यांचे दीर्घ युद्ध हाच रस्ता. चीनमध्ये माओ अजून सत्तेवर यायचा होता. रणदिवे भडकले. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या त्यांच्या राजकारणाला क्रांती दिसत होती ती संपात आणि शहरात. ९ मार्च १९४९ चा देशव्यापी रेल्वे संप त्यांनी त्याच विश्वासाने पुकारला आणि तो साफ फसला. त्याच वर्षी त्यांनी पक्षाच्या नियतकालिकात माओवर कडाडून हल्ला चढवला. मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टालिन यांच्यापलीकडे प्रमाण मानण्याजोगा कुणी नाही, अशी त्यांची भूमिका होती. काही महिन्यांत चीनमध्ये माओची सत्ता आली. २७ जानेवारी १९५० ला कॉमिनफॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मुखपत्राने अग्रलेख लिहून चीनच्या मार्गाची वाखाणणी केली आणि रणदिव्यांची खुर्ची गेली. आंध्रचे राजेश्वर राव सरचिटणीस झाले.

मग दुसरा मराठी माणूस पुढे आला, श्रीपाद अमृत डांगे. १९२१ साली गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहून ज्याने मुंबईत खळबळ उडवली होती तो हा तरुण आता पन्नाशीत होता. तुरुंगातून सुटल्यावर त्याने अजय घोष आणि घाटे या पक्षातल्याच सहकाऱ्यांबरोबर पक्षाला लांब पत्र लिहिले. चीनची नक्कलही नको आणि रशियाची नक्कलही नको, हा त्या पत्राचा रोख होता. १९५१ च्या सुरुवातीला डांगे, घोष, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या असे चौघे गुपचूप मॉस्कोला गेले आणि स्टालिनला भेटले.

स्टालिनने त्यांना जे सांगितले त्यात मानवत रोडवरून जाणाऱ्या रेल्वेलाही जागा आहे. चीनच्या लाल सेनेच्या पाठीशी सोव्हिएत सरहद्द होती, तुमच्या पाठीशी कोण आहे? चीनमध्ये रेल्वे विरळ होती, भारतात तिचे जाळे दाट आहे, सरकार हवे तिथे फौज नेऊ शकते, तुमचे गनिमी वेढले जातील. ज्या लोहमार्गाने आमच्या भागातला कापूस मुंबईला जायचा तसल्याच मार्गांमुळे तेलंगणाचा उठाव टिकणार नाही, हे मॉस्कोत बसलेल्या माणसाने ओळखले. ते आपल्या नेत्यांना तीन वर्षे आणि हजारो मृत्यूंनंतर त्याच्याकडून ऐकावे लागले, याचे मला दुःख होते. रेड्डींनी हेच १९४८ मध्ये स्वतःच्या गावावरून नजर टाकून सांगितले होते. बाहेरून आलेल्या शब्दाला घरच्या अनुभवापेक्षा जास्त वजन देण्याची ही सवय भारतीय कम्युनिस्टांना फार महाग पडली. १९५१ च्या ऑक्टोबरात लढा मागे घेण्यात आला.

एक गोष्ट मात्र या तिन्ही पुस्तकांना आणि आमच्या मुक्तिसंग्रामाच्या कथेलाही सारखीच अडचणीची आहे. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात आणि बिदर-गुलबर्ग्याकडे मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवले. मृतांचा त्यांचा अंदाज होता सत्तावीस ते चाळीस हजार. उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत होते. तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला. रझाकारांनी केलेले खून खरे होते आणि त्यांच्या नावाखाली नंतर निरपराधांचे झालेले खूनही खरे होते. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना पहिले सांगायचे आणि दुसरे गिळायचे, हे मला मान्य नाही.

लढा थांबला आणि लगेच १९५२ च्या निवडणुका आल्या. पक्षावर हैदराबादेत पुन्हा बंदी होती, म्हणून कम्युनिस्ट लोकशाही आघाडीच्या नावाने उभे राहिले. नळगोंड्यातून रावी नारायण रेड्डींना तीन लाख नऊ हजारांवर मते पडली, खुद्द नेहरूंपेक्षा जास्त. विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ आणि आघाडीला ४२ मिळाल्या. आघाडीने विरोधी पक्षनेता म्हणून निवडला तो मराठवाड्यातल्या कम्युनिस्टांचा पुढारी व्ही. डी. देशपांडे. तो निवडून आला होता इप्पागुड्याहून, म्हणजे तेलुगू शेतकऱ्यांच्या मतांवर. बंदुका नुकत्याच खाली ठेवलेल्या गावांनी एका देशपांड्याला आपला आवाज म्हणून विधानसभेत पाठवले, ही घटना आमच्या पाठ्यपुस्तकात असायला हवी होती.

परभणीनेही त्या निवडणुकीत काँग्रेसला नाकारले. लोकसभेवर निवडून गेले शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे. शेकापने दोन वर्षांपूर्वीच दाभाडीला मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला होता. त्यामुळे परभणीचा मतदार डावीकडे गेला तो कम्युनिस्टांच्या नव्हे तर शेकापच्या दारातून, आणि हे दार पुढेही बराच काळ उघडे राहिले. १९७७ साली परभणीने पुन्हा शेकापचाच खासदार दिल्लीला पाठवला. खातेदार शेतकऱ्याच्या या जिल्ह्याला मार्क्सवाद चालत होता, पण तो आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या पुढाऱ्याच्या तोंडून. त्यात इथला भूमिहीन किती आला आणि किती बाहेर राहिला, हा प्रश्न शेकापला कुणी विचारायला हवा होता. तेलंगणात तो दलमांनी विचारला होता.

संस्थान मोडून भाषावार प्रांत व्हावेत, यावर मात्र दोन्हीकडच्यांचे एकमत झाले. सुंदरय्या १९४६ पासून विशालांध्र मागत होते. स्वामीजी आणि गोविंदभाई मराठवाडा महाराष्ट्रात जावा म्हणून झगडले. वसमतजवळच्या नांदापूरला जन्मलेल्या नरहर कुरुंदकरांनी हैदराबादच्या विमोचनाबरोबर विसर्जनाचाही विचार केला तो यामुळेच. निजाम जाणे ही अर्धी गोष्ट होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यच विसर्जित झाले आणि परभणी मुंबई राज्यात आली.

येताना ती एक कायदा घेऊन आली. उठावाने हादरलेल्या सरकारने १९४९ च्या ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द केल्या होत्या आणि १९५० साली हैदराबादचा कूळ कायदा केला होता. १९५४ मध्ये त्यात ३८-ई हे कलम आले आणि संरक्षित कुळांना जमिनीची मालकी मिळण्याचा रस्ता खुला झाला. विनोबांना पोचमपल्लीत १८ एप्रिल १९५१ ला मिळालेल्या शंभर एकरांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण ते भूदान आणि हा कायदा दोन्ही एकाच भीतीतून जन्मले, हे कुणी जोडून सांगत नाही. तो कायदा मराठवाड्यात आजही लागू आहे. मानवतच्या तहसीलमध्ये ३८-ईच्या जमिनीचा फेरफार निघतो, तेव्हा त्यामागे कडवेंडीचा कोमरय्या उभा असतो. वाशीमच्या छावणीतून आलेले कुणी तिथे नसते.